मदत हवी आहे : बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट, ड्रेनेज मात्र जुनंच

आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत मोकळा प्लॉट उरलेला नाही, म्हणून जुने बंगले पाडून अपार्टमेंट उठतायत. घरं वाढावीत, पोरांना कोल्हापुरातच राहायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. पण ड्रेनेज लाइन तीच! जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण उचलतं आणि मैला शाळेला चाललेल्या पोरांच्या पायाखाली येतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत (बांधकामाच्या नियमांत) जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर मिळतो. खालच्या पाइपचं कोण बघतं? 1966 च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या प्रारूप (कच्च्या) विकास आराखड्यावर हरकत घेता येते, पण तो आराखडा येईपर्यंत थांबायचं का? ड्रेनेजचा नकाशा माहिती अधिकारात मागवलाय का कुणी? अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथं टाका.