ज्याची गादी मोठी त्याचा हात आखडता?

अडतवाला_लातूर
परवा इथं एकानं लिहिलं, 'पूरग्रस्तांची वर्गणी मागत फिरलो. सालगड्यानं शंभर काढले, मालकानं पन्नास.' त्यावर लाईकचा पाऊस. मी बावीस वर्षं अडतीवर बसतो. गादीवरच्या माणसापुढं दिवसाला किती पावतीपुस्तकं येतात, मोजलंत? जयंती, सप्ताह, कुस्त्या, कळस. सालगड्याच्या दारात एकच आलं, तुमचं. सप्टेंबर २०२५ ला सीनेच्या पुरात परंड्याकडं चाऱ्याच्या गाड्या गेल्या, त्यात डिझेल कुणी टाकलं?

बालाघाटी
डिझेल टाकलं, खरंय. दोन्ही बाजूंनी बॅनरबी लावलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा मी आठवीत. आदल्या रात्री गणपती बुडवून झोपलेलो. आईनं डब्याचा तळ दिसेपर्यंत भाकरी थापल्या, वर ठेचा, फडक्यात बांधून ट्रॅक्टरवर दिल्या. सांजच्याला आमच्याच घरात पीठ नाही. त्या फडक्यावर कुणाचं नाव नव्हतं मालक.

वस्तीवरचा
क्विंटलमागं कडता, म्हणजे शेतकऱ्याच्या वजनातली सूट, कापायचा अन् मग दान! त्यातलेबी अर्धे ८०जी मधून, म्हणजे दानावरच्या आयकर सवलतीतून, परत.

अडतवाला_लातूर
अर्धे परत मिळत नसतात साहेब. लाखाचे पन्नास हजार उत्पन्नातून वजा होतात, वाचतात पंधरा-सोळा हजार, तेबी ३० टक्क्यांत बसणाऱ्याचे. नव्या करपद्धतीत तेवढंही नाही. अन् रोखीत २,००० च्या वर दिलं तर शून्य. मंडपवाले चेक घेतात का, विचारून बघा.

माळकरी
पैशाचं काय ते बोला, सप्ताह कशाला ओढता? काल्याच्या दिवशी आमचं अख्खं गाव जेवतं, कुणाला ना नाही.

वस्तीवरचा
ना नाही, पण नंबर कितवा? आमची पंगत शेवटची. बुंदी संपलेली, आमटीत पाणी वाढवलेलं. टँकर आठ दिवसाआड आणि काल्याला क्विंटलनं साखर. ह्याला दान म्हणायचं?

माळकरी
एका गावावरून वारकऱ्यांना नावं ठेवू नका! नांदेडला लंगरात बसून बघा, सगळे एका ओळीत.

वस्तीवरचा
बसलोय. म्हणूनच विचारतोय, गावात का जमंना?

माळकरी
यंदा या. पहिल्या ओळीत मी स्वतः वाढतो.

वस्तीवरचा
पाहुणा म्हणून? गाव माझंबी हाय महाराज.

अडतवाला_लातूर
झालं! माझा धागा बुंदीत बुडाला. बालाघाटी, भाकरीची गोष्ट मनाला लागली. पण त्या रात्री पीठ कुठून आलं, ते खाल्लंत तुम्ही.

बालाघाटी
सांगतो. गावातल्या सावकाराकडून. अख्खं पोतं ज्वारी दिली, पैसे कधी मागितले नाहीत.

अडतवाला_लातूर
हे आधीच लिहायचं की राव! मी इतका वेळ दुसरं काय सांगायलाव?

बालाघाटी
आमचं दोन एकर रान त्याच्याकडं गहाण होतं. ते मात्र कधी सोडलं नाही.