इंग्रजीतले स्वर नसलेले ‘त्स्क’ मराठीत कसे आणावे?

अमळनेरचा वाचक
मी सध्या एका इंग्रजी कथेचे भाषांतर करीत आहे. तीत नातवाचे चिखलाने भरलेले बूट पाहून आजीच्या तोंडी टी, एस, के ही तीनच अक्षरे, मध्ये आडवी रेघ देऊन, दोनदा छापली आहेत, आणि पुढच्या पानावर त्यांनाच भूतकाळाचा प्रत्यय लावून क्रियापद केले आहे. शाळेत आम्ही ते ‘टिस्क’ असे वाचत असू. मी ‘आजी चुकचुकली’ असे लिहिले, पण घरी वाचून दाखवताच आईने विचारले, “तिला कशाचं वाईट वाटलं?” माझे काय चुकले, ते कृपया सांगावे.

इंग्रजीची शिक्षिका, चोपडा
ही अक्षरे म्हणजे एका आवाजाची खूण आहे. जिभेचे टोक वरच्या दातांमागे चिकटवून, हवा आत ओढत ते झटक्याने सोडवले की जो आवाज होतो, तोच हा. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत हे रीतसर व्यंजन आहे व ते ‘सी’ या अक्षराने लिहितात. इंग्रजीत मात्र तो शब्दांच्या घडणीत येत नाही, केवळ भाव दाखवण्यासाठी येतो, म्हणून त्याचे लेखन असे जुळवाजुळवीचे झाले. ब्रिटिश लेखनात याच आवाजासाठी ‘टट्’ अधिक दिसते. ते जुने आहे. शेक्सपिअरच्या रोमिओच्या तोंडीही ते आहे. पुढे लेखनावरूनच उच्चार रूढ झाला आणि लोक खरोखर ‘टिस्क’ म्हणू लागले, त्यामुळे शाळेतले वाचन अगदीच चूक म्हणता येणार नाही. क्रियापद म्हणून वापरताना ज्याच्याविषयी नापसंती आहे त्याच्या आधी ‘ॲट’ येते. स्क्रॅबल हा अक्षरे जुळवून शब्द लावण्याचा खेळ खेळणाऱ्यांना तर हा शब्द चांगलाच परिचित आहे, कारण हातात एकही स्वर नसताना तो लावता येतो.

गिरणाकाठ
ताईंच्या उत्तराला मराठीच्या बाजूने थोडे जोडतो. ‘चुकचुक’मधला च हा ‘चहा’तला नव्हे, ‘चूक’मधला, म्हणजे दातांजवळचा आहे. त्यातला उकार काढून पाहा: उरतात त् , स् आणि क् , म्हणजे नेमकी तीच इंग्रजी अक्षरे! दोन्ही भाषांच्या कानांनी एकच आवाज जवळजवळ सारखाच टिपला, याचे मला फार अप्रूप वाटते. अर्थ मात्र वेगळ्या वाटांनी गेले. आमच्या रावेरकडे वादळाने घडांसकट केळी आडवी झाली, तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाशी धरून चुकचुकत होत्या. त्यात कोणावर राग नव्हता, नुसती हळहळ होती. मनात पाल चुकचुकते तीही शंकेने. इंग्रजीत सहानुभूती अगदीच नसते असे नाही, पण मुख्य रोख नापसंतीचा, मोठ्याने लहानाला दटावण्याचा असतो. म्हणून आपल्या आईंचा प्रश्न रास्तच आहे. तेथे ‘च्, च्!’ ठेवून शेजारी आजीची मान हलवावी.

शेतकरी, शिरपूर
एक भेद ध्यानात असू द्यावा. बैल हाकताना माझे वडील जीभ दाढांकडे नेऊन गालातून आवाज काढतात, तो याहून जाड असतो आणि त्यात ‘चल’ एवढेच सांगणे असते. इंग्रजी कथेत कोणी घोड्याला असा आवाज केला तर त्याचेही ‘च्, च्’ करू नये.

अमळनेरचा वाचक
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पहिल्या ठिकाणी ‘“च्, च्!” आजीने मान हलवली’ असे केले, आणि क्रियापदाच्या जागी ‘आजीने नाराजीने जीभ वाजवली’ असे लिहिले. शेवटच्या पानावर शेजारीण लंगडणाऱ्या कुत्र्याकडे पाहून हाच आवाज करते. तेथे मात्र ‘चुकचुकली’ तसेच ठेवले आहे. ते वाचताना आईने काही विचारले नाही.