मदत हवी आहे : 0.1 मि.मी.च्या कॉलममध्ये नमुना कसा सोडावा?

नमस्कार. आम्ही जळगावला रावेर-यावल भागातल्या केळीवरील कीटकनाशकांचे अवशेष गॅस क्रोमॅटोग्राफीने (नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) तपासतो. तीस मीटरचा कॉलम (घटक वेगळे करणारी बारीक नळी) काढून आम्ही 10 मीटर लांबीचा, 0.1 मि.मी. आतल्या व्यासाचा कॉलम बसवला आणि वाहक वायू म्हणून हायड्रोजन घेतला. वेळ पुष्कळ वाचला, पण स्प्लिटलेस पद्धतीने (जवळजवळ सगळी वाफ कॉलममध्ये पाठवून) नमुना सोडल्यावर सुरुवातीचे पीक्स (आलेखावरचे घटकांचे उंचवटे) पसरट येतात, शेवटचे मात्र सुईसारखे टोकदार. माझ्या मते दोष इंजेक्शनचा आहे, कारण एवढ्या अरुंद कॉलममधला प्रवाह मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच राहतो आणि 4 मि.मी.च्या लायनरमधली (इंजेक्टरमधल्या काचनळीतली) वाफ कॉलममध्ये शिरायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. 1:200 स्प्लिट ठेवला, म्हणजे बहुतेक वाफ बाहेर सोडून दिली, की पीक्स सुधारतात, पण मग अवशेषच हाती लागत नाहीत. पीक्स एकवटावेत म्हणून कॉलमचा ओव्हन आमच्या द्रावकाच्या, हेक्झेनच्या, उत्कलनबिंदूच्या, म्हणजे 69 अंशांच्या, बराच खाली सुरू करावा, तर आमच्याकडच्या मे महिन्यात तो तेवढा थंड होण्यातच वाचलेला वेळ जातो. अरुंद लायनर आणि प्रेशर पल्स (इंजेक्शनच्या वेळी थोडा वेळ वाढवलेला दाब) एवढ्याने भागेल, की पीटीव्ही (तापमान ठरवून वाढवता येणारा) इंजेक्टरच घ्यावा लागेल? केळीच्या अर्कावर ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी लायनरचा व्यास आणि ओव्हनचे सुरुवातीचे तापमान कृपया कळवावे.