मदत हवी आहे: बाळ पालथं राहतच नाही

मुलगी साडेचार महिन्यांची, पूर्ण दिवसांची. मान छान धरते, खुळखुळा पकडते, पण सतरंजीवर पालथं घातलं की मिनिटभरात रडारड. साडेतीन महिन्यांच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी तपासलंय, काळजीचं काही नाही. दूध पाजल्यावर अर्धा तास थांबतो. छातीखाली दुपट्याची गुंडाळी, समोर आरसा, सगळं करून झालं. माझ्या पोटावर मात्र पाच-पाच मिनिटं मान उचलून टकामका बघते, लबाड! अडचण अशी की दिवसभर आजी सांभाळतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. पांगुळगाडा आणायचा नाहीये. आजींनी खुर्चीत बसून तिला मांडीवर आडवं पालथं घेतलं तर तेवढाच उपयोग होईल का? आणि अंगावरून सतरंजीवर तिची सवय कशी वळवलीत?