बहात्तर तासांतले "शिल्लक" तास

रानजाई:
काल रात्री अकराला नात्यातल्या मुलीचा फोन. "मावशी, अजून ४० तास शिल्लक आहेत. उद्या ऑफिसातून येताना गोळी घेतली तर चालेल ना?" शिल्लक! जणू मोबाइलचा रिचार्ज.

गोळी म्हणजे निरोधाशिवाय संबंध आल्यावर दिवस राहू नयेत म्हणून ७२ तासांत घ्यायची ती. माझं म्हणणं, पाकिटावरचा ७२ तासांचा आकडा बायकांना गाफील ठेवतो. हे मला कळलं ते उलट्या वाटेने. दुसऱ्या बाळासाठी फॉलिक्युलर स्टडी केली होती, म्हणजे बीज कधी सुटतं ते पाहायला दिवसाआड सोनोग्राफी. पडद्यावर एक काळा गोल, बीजाची पिशवी, दिसायचा आणि डॉक्टरीणबाई आकडा लिहायच्या: १३ मिमी, १६, १९. मग एका सकाळी गोल गायब. "फुटलं," म्हणाल्या, आणि आम्ही पेढे खाल्ल्यासारखे हसलो.

ही गोळी (लिव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम) काम करते ती त्या गोलाच्या फुटण्यावर. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच संप्रेरकाची लाट उठते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं. लाट उठायच्या आत गोळी पोटात गेली, तर लाट लांबते किंवा येतच नाही. गोल १५-१७ मिमीचा असेपर्यंत बहुतेकदा जमतं. १८च्या पुढे गेला की भरवसा नाही, आणि लाट उठून गेली असेल तर गोळी बघत बसते. बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू पाच दिवससुद्धा दबा धरून राहतात. मुलीने उद्या संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं आणि लाट आज रात्रीच उठली, तर ते ४० तास काय कामाचे?

मेडिकलवाल्यांनी पाकीट देताना हे दोन वाक्यांत सांगायला हवं. बीज सुटायचे दिवस जवळ असतील तर तांबीचंही (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) सांगावं.

काउंटरपलीकडचा:
ताई, शास्त्र तुमचं बरोबर, सल्ला मात्र अंगाशी येणारा. मी १८ वर्षं मेडिकल चालवतोय. ही गोळी २००५पासून चिठ्ठीशिवाय मिळते, पण मागणारा अजून चोरासारखाच येतो. डोक्यावरचं हेल्मेट काढत नाही, आधी खोकल्याच्या गोळ्या घेतो, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि मग "ते... ७२वालं". त्याला मी एलएचची लाट समजावू?

आणि समजावली तर काय होईल सांगतो. तो तिथेच बायकोच्या फोनवरचं ॲप उघडणार. "आज सोळावा दिवस, होऊन गेलंय, मग कशाला ३-४ दिवस पाळी बिघडवा?" ॲपला काय दिसतं आतलं? मागच्या तारखा घेऊन वजाबाकी करतं. ताण, ताप, प्रवास, काहीही झालं की बीज आठवडाभर मागेपुढे. तो ७२चा आकडा अर्धवट असेल, पण माणसाला दुकानापर्यंत तोच आणतो.

शंकासुर:
मूळ प्रश्न दोघांनीही टाळलाय. बीज सुटून गेल्यावर घेतली तरी पाकिटावर "चालेल" असंच असतं. म्हणजे फळलेलं बीज गर्भाशयात रुजू न देणं हाच तिचा उद्योग असणार. आमच्या घरात याला गर्भपात म्हणतात. मग तसं स्पष्ट छापा.

निवृत्त_सिस्टर:
शंकासुर, हे चिलीत तपासून झालंय. गोळी घ्यायला आलेल्या बायकांची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून बीज सुटलंय की नाही ते पाहिलं. सुटायच्या आधी घेतलेल्यांपैकी एकीलाही दिवस गेले नाहीत. सुटल्यावर घेतलेल्यांत मात्र गोळी न घेता जेवढ्यांना गेले असते, जवळपास तेवढ्यांना गेलेच. रुजणं थांबत असतं तर दुसऱ्या गटात असं झालं असतं का? अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२मध्ये तिथल्या पाकिटावरून गोळीने रुजणं थांबू शकतं हा उल्लेख काढून टाकला. गर्भपाताची औषधं वेगळी, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. राहिलेल्या गर्भाला ही गोळी काही करत नाही.

शंकासुर:
गोळीचं मागे घेतो. तांबीचं काय?

निवृत्त_सिस्टर:
तांबं मुख्यतः शुक्राणूंना निकामी करतं. पण उशिरा बसवली तर रुजणंही थांबू शकतं, खोटं कशाला बोलू. तुमचा आक्षेप असेल तर तो तिथे धरा.

रानजाई, तांबी पाच दिवसांत बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त भरवशाची, सरकारी दवाखान्यात फुकट. पण बिनलग्नाची पोरगी टेबलावर चढायच्या आधीच "मिस्टर कुठेत?" विचारतात. मीही विचारलंय, आता लाज वाटते. सल्ला देताना हेही धरा.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सोडलीत. गोळीने बीज थांबतं, संपत नाही. चार-पाच दिवसांनी सुटू शकतं. "गोळी घेतलीये, या महिन्याची काळजी मिटली" म्हणून त्याच आठवड्यात बिनधास्त राहिलेल्या दोघी मी पाहिल्यात. पाळी येईपर्यंत निरोध वापरायचाच. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा जोर कमी पडतो, वजन जास्त असेल तरी पडू शकतो. तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची.

रानजाई:
सिस्टर, टेबलाचं वाचून गप्प झाले. काउंटरवाले भाऊ, कॅलेंडर माझ्या मागणीतून काढलं, तुमचं पटलं. पण "आत्ताच घ्या, उद्यावर ढकलू नका" एवढं तरी सांगाल?

काउंटरपलीकडचा:
सांगतोच. पण घेणारी समोर कुठे असते? निरोप हेल्मेटपर्यंत पोचतो. पुढचं त्याच्या हातात.

शंकासुर:
अवांतर: त्या मुलीचं काय झालं?

रानजाई:
साडेबाराला मैत्रिणीने रात्रभर उघड्या असणाऱ्या मेडिकलमधून आणून दिली. पाळीची तारीख १९. आठवडा वर गेला तर लघवीची तपासणी करायची, हे लिहून पाठवलंय. "ओके मावशी" आलंय, पुढे काही नाही.