टाकीत टीसीएल पडतंय तरी खालच्या आळीत जुलाब, चुकतंय कुठं?

माणदेशी_गडी:
आमचं गाव माण तालुक्यात. जलजीवनमधनं घरोघरी नळ आले पण पाणी दोन दिवसाआड तासभर, सुरवातीला गढूळ येतं आणि वासपण मारतो. शिपाई म्हणतो टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) रोज टाकतोय. खालच्या आळीत पोरांना जुलाब लागलेत, वरच्या आळीत कुणालाच काय नाही. लोक म्हणतायत आरओ मशीन बसवा, त्यानं सुटंल का?

कराडकर७:
दादा मशीनचं नंतर बघा. खालीच जुलाब म्हणजे टाकीपेक्षा लाइनीवर संशय. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, त्यात कुणी नळाला डायरेक्ट मोटर लावली की लाइन ओढ घेती आणि जॉइंट गटारीतनं गेला असंल तर गटारीचं पाणी आत, मग टाकीत कितीबी टीसीएल टाका. ग्रामपंचायतीत ओटीची (क्लोरीन तपासायच्या औषधाची) बाटली मागा, शेवटच्या घरच्या नळाचं पाणी घेऊन थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन हाय. तिथं निदान ०.२ मिलीग्रॅम लिटरला लागतो.

विटेकर_ताई:
पावडर कधीची आहे तेपण विचारा हो. चांगल्या टीसीएलमधे ३३ टक्के क्लोरीन असतो, पोतं उघडं ठेवलं, ओल लागली की कमी होत जातो आणि आपण नुसता चुना टाकत बसतो. साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम, बादलीत कालवून वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. आमच्याकडं ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालं म्हणून फ्लेक्स लागलाय, पण ते कार्ड सर्व्हेच्या दिवसाचं, नळ रोजचा!

कराडकर७:
आमच्या शेजारी मलकापूरला मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, पाइप कायम भरलेला, बाहेरची घाण आत शिरायला वावच नाही.

माणदेशी_गडी:
मलकापूर कोयनाकाठी, आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर 😄 असो. आज ओटी केली, टाकीखाली पिवळं, खालच्या आळीत रंगच नाही. व्हॉल्व्हचा खड्डापण गटारीच्या पाण्यानं भरलाय. मोटरीचं बोलायची सोय नाही, ग्रामपंचायतीच्या निम्म्या बॉडीच्या घरी मोटरी हायत.

विटेकर_ताई:
मग मोटरीचं ग्रामसभेत काढा, एकट्यानं नको. खड्ड्याचा फोटो ग्रामसेवकांना अर्जासोबत द्या, पोच घ्या. आणि जुलाबाचं आशाताईंना आजच सांगा भाऊ, ओआरएस त्यांच्याकडं असतं. लाइन दुरुस्त होईस्तवर पहिलं पाणी सोडून द्यायचं आणि प्यायचं चांगलं खळखळून उकळायचं.