मस्टँगला मागचे लूव्हर आणि नवे आरसे बसवायचेत, नाशिकमध्ये कोणी केलंय का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१८ ची, पाच लिटर व्ही८, पुण्यातून सेकंड हँड घेतलीये. ही गाडी आपल्याकडे २०१६ ला आली, थोडीच वर्षं विकली गेली, आणि २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे नाशिकमध्ये पार्ट मिळणं तर लांबच, हिचं दार आतून उघडून पाहिलेला माणूससुद्धा सापडत नाही. म्हणून इथे विचारतोय, जरा सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको.

माझा मामेभाऊ मिशिगनला असतो, जिथे ही गाडी बनते त्या फ्लॅट रॉकपासून जवळच. मागच्या वेळी आला तेव्हा त्याने लूव्हरचा (काचेवर बाहेरून बसणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाळीचा) सेट आणला. दोन छोटे, मागच्या बाजूच्या तिकोनी काचांवर (क्वार्टर ग्लास) बसणारे, आणि एक मोठा मागच्या काचेवरचा. एबीएस प्लास्टिक, मॅट काळे. ज्यांना वाटतं की हे नुसतं फॅड आहे त्यांच्यासाठी सांगतो, १९६५ च्या फास्टबॅक (मागे उतरतं छप्पर असलेल्या) मस्टँगला त्या जागी काच नव्हतीच, हवा खेळण्यासाठी पट्ट्यापट्ट्यांचे व्हेंट होते, आणि पुढे १९६९-७० च्या गाड्यांना मागच्या काचेवर काळ्या पट्ट्या ऑप्शन म्हणून मिळायच्या. म्हणजे हे ह्या गाडीच्या घराण्यातलंच आहे. मला ते मनापासून आवडतं आणि लावायचं ते नीटच लावायचं असं ठरवलंय, म्हणून सेट अजून खोक्यातच आहे.

अडचण अशी की इथल्या एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला सिलिकॉन भरून चिकटवू आणि वर दोन-दोन स्क्रू मारू, दहा वर्षं हलणार नाही. मी गाडी घेऊन सरळ घरी आलो. दुसऱ्याने साधी फोमची डबल टेप काढली, नंबर प्लेटला लावतात ती. सेटबरोबर लाल लायनरवाली व्हीएचबी टेप (खूप मजबूत धरणारी डबल टेप) आलीये, पण माझ्या गाडीला आधीच्या मालकाने काचेसकट सगळीकडे सिरॅमिक कोटिंग केलंय, पाणी टिकतच नाही काचेवर, तर टेप तरी टिकेल का? महिन्यातून एकदा तरी समृद्धीला इगतपुरीहून चढतो, तिथे १२० ने जाताना मागून मोठा लूव्हर उडाला आणि मागच्या गाडीच्या काचेवर गेला तर काय होईल ह्या विचारानेच झोप उडते.

दुसरा विषय आरशांचा आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एक बाइक घासून गेली, उजव्या आरशाचं कव्हर फुटलं आणि आरसा घडीच्या जागी ढिला झालाय, ऐंशीच्या पुढे काच थरथरते, मागचा ट्रक आहे की टेम्पो तेसुद्धा कळत नाही. आता मोठा लूव्हर लावला की आतल्या आरशातून दिसणं अजून कमी होणार, म्हणजे सगळा भार बाहेरच्या आरशांवर. मामेभाऊ जानेवारीत परत येतोय, तो म्हणतो अमेरिकेतला शिंगवाल्या डिझाइनचा (कव्हरला शिंगासारखं टोक असलेला) आरशांचा पूर्ण सेट घेऊन येतो, इथल्यापेक्षा खूप स्वस्त. पण गाडी उजव्या स्टिअरिंगची, सेट डाव्या स्टिअरिंगसाठी बनलेला. बोल्ट कदाचित जुळतीलही, पण दिसणार काय? कसारा घाटात पावसात उतरताना मला मागचं स्वच्छ दिसलं पाहिजे, शिंगं नसली तरी चालेल.

आणि तिसरं, हे बदल आरटीओला चालतात का, कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा. पेठ रोडला जाऊन विचारायची तयारी आहे, पण आधी इथे विचारतो.

प्रतिसाद

भाऊ, स्क्रू मारू दिले नाहीत हे उत्तम केलंत. मी अंबडला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे, आम्ही रोज व्हीएचबी वापरतो, पत्र्याला पत्रा त्यावरच धरतो. सिलिकॉन तर नकोच, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिड सोडतं, काचेच्या कडेला जिथे पत्रा लागतो तिथे गंज धरू शकतो.

टेपचं गणित सोपं आहे, दर किलोला साधारण ५५ चौरस सेंटीमीटर टेप धरतात. तुमचा मोठा लूव्हर वजन करून बघा, समजा अडीच किलो भरला तर १४० चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे १२ मिमी रुंदीची टेप सव्वा मीटरच्या आतच होते. पण हे नुसतं वजन धरायचं झालं, त्यात १२० ची हवा धरलेली नाही, तुम्ही दुप्पट-तिप्पट लावा आणि वरच्या कडेला सलग लावा, कारण हवा तिथूनच आत शिरायला बघते.

खरी गोम तुमच्या कोटिंगमध्ये आहे. सिरॅमिकवर पाणी धरत नाही तशी टेपही धरत नाही. जिथे टेप येणार तेवढीच जागा मास्किंग टेपने आखून घ्या, कोटिंग पॉलिश करून काढा, पाण्याचा थेंब तिथे पसरायला लागला की समजा निघालं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसा, नवीन कापड घ्या, गाडी पुसायचं फडकं नको, त्यात वॅक्स असतं. काच दमट हवेत टेपला त्रास देते म्हणून काचेला सायलेनचं प्रायमर आणि प्लास्टिकच्या बाजूला अ‍ॅडहिजन प्रमोटर (टेप नीट धरावी म्हणून आधी लावायचं द्रव्य). आपल्याकडे पावसाळ्यात इगतपुरीला काय असतं माहितीच आहे, तर हे टाळू नका.

आणि थंडी! टेपला लावताना २१ ते ३८ डिग्री आवडतं. आत्ता सकाळी निफाडकडे पारा कुठे जातो ते बघताय ना, पहाटे लावलीत तर ती चिकटल्यासारखी वाटेल आणि धरणार नाही. दुपारी, सावलीत, काच हाताला कोमट लागली पाहिजे. जोरात दाबून रोलर फिरवा. वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, २४ तासांनी नव्वद टक्के, पूर्ण ताकद ७२ तासांनी. तोवर धुवायची नाही, हायवेला न्यायची नाही.

प्रतिसाद

मी वयाने मोठा आहे, मला मस्टँगमधलं काही कळत नाही, पण नव्वदच्या दशकात माझ्या मारुती ८०० ला मागच्या काचेवर अशीच काळी पट्ट्यांची जाळी होती, तेव्हा बरेच जण लावायचे. उन्हात गाडी खरंच कमी तापायची. त्रास एकच, आत धूळ आणि पानं अडकायची आणि पावसाळ्यानंतर तिथे चिखलाचा थर बसायचा. माझी वर बिजागरीवर होती, उचलून काच पुसता यायची. तुमचा मोठा लूव्हर उचलता येणारा आहे का कायमचा चिकटणारा ते आधी बघा बाळा. कायमचा असेल तर काच धुणार कशी? धुळीची काच आणि वर पट्ट्या, रात्री मागच्या गाडीचा हेडलाइट पडला की नुसता पांढरा पडदा दिसतो.

धागाकर्ता

काका, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता, खूप आभार. खोकं उघडून पाहिलं, मोठा लूव्हर कायमचा चिकटणारा आहे. बिजागरीवाला वेगळा मिळतो असं दिसतंय. मग आत्ता फक्त दोन छोटे लावतो, त्या काचांमधून तसंही फारसं दिसत नाही, आणि मोठ्याचं नंतर बघू. अंबडवाल्या भाऊंनी सांगितलंय ते सगळं लिहून घेतलंय. मागच्या काचेच्या डिफॉगरला (काच गरम करून धुकं घालवणाऱ्या रेघांना) टेपने काही होतं का?

प्रतिसाद

डिफॉगरच्या रेघा काचेच्या आतल्या बाजूला असतात, तुमची टेप बाहेरून, काही होत नाही. कधी काढायची वेळ आली तर खरवडू नका, हीट गनने कोमट करा आणि मासेमारीचा नायलॉन दोरा मागून करवतीसारखा ओढा, सुटते.

आरशांबद्दल सांगतो, मी इंग्लंडमध्ये बॉडीशॉपला काम केलंय, तिथे उजव्या स्टिअरिंगच्या मस्टँग भरपूर. अमेरिकन सेट अजिबात आणू नका. कारण काय, अमेरिकेत कायद्यानेच ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट लागतो, आणि पलीकडचा फुगीर, ज्यावर लिहिलेलं असतं की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे. तो सेट तुमच्या गाडीला लावलात की सपाट काच जाते डावीकडे, तुमच्यापासून लांब, तिथे तुम्हाला जेमतेम एक लेन दिसेल, आणि रिक्षा-बाइक तर आपल्याकडे डावीकडूनच घुसतात. आणि उजवीकडे, जिथून ओव्हरटेकला निघताना मागच्याचा वेग जोखायचा, तिथे फुगीर काच, सगळं लांब वाटणार. शिवाय काचेचा कोनही वेगळा, उजव्या आरशाच्या काचेची बैठक डावीकडे लांब बसलेल्या माणसासाठी केलेली, तुम्ही बसलाय अगदी शेजारी, मोटर पूर्ण फिरवूनही कधी कधी पुरत नाही.

दुसरं, बाहेरच्या देशांना गेलेल्या गाड्यांच्या आरशात इंडिकेटर असतो, अमेरिकनला तो नसतो. म्हणजे तुमचा साइड इंडिकेटर जाणार. नुसतं शिंगवालं कव्हर हवं असेल तरी इंडिकेटरची खाच असलेलंच बघा, अमेरिकेतली बरीचशी कव्हरं बिनखाचेची असतात.

उजवा आरसा इंग्लंडमधून जुना घ्या, स्क्रॅप झालेल्या गाड्यांचे मिळतात. ऑर्डर करताना नीट बघा, तिकडे ऑफसाइड म्हणजे उजवा, नियरसाइड म्हणजे डावा, आणि अमेरिकन दुकानात ड्रायव्हर साइड म्हणजे डावा, ह्यात भलेभले फसतात. गरम होणारी काच, इंडिकेटर, घडी होणारी मोटर, तुमच्यात काय काय आहे ते जुन्या आरशाचा कनेक्टर उघडून पिना मोजून फोटो काढून पाठवा.

बसवताना दाराचं आतलं ट्रिम उघडावं लागतं. बॅटरीची वायर काढलीत तर नंतर काचेचं सेटिंग परत करा, ह्या गाडीच्या दाराला काचेभोवती फ्रेम नाही, हँडल ओढलं की काच जरा खाली येते आणि बंद केलं की वर जाते. ते बिघडलं तर काच रबरावर आपटते आणि पावसात पाणी आत.

धागाकर्ता

दादा, हे वाचून मामेभावाला लगेच मेसेज केला की सेट घेऊ नकोस. तो जरा हिरमुसला, त्याने दुकानात जाऊन बघूनही ठेवला होता. शिंगवालं कव्हर खाचेसकट मिळालं तर आण म्हटलं, नाही मिळालं तर राहू दे. उजवा आरसा इंग्लंडहून बघतो. जुन्याची काच आणि मोटर शाबूत आहे, फक्त बाहेरचा सांगाडा आणि घडीचा सांधा गेलाय, तर नुसता सांगाडा घेऊन माझी काच त्यात बसेल का?

प्रतिसाद

त्याच पिढीच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा सांगाडा असेल तर बसते. काच मागून क्लिपवर असते, थंडीत ओढली तर तडकेल, आधी हीटर लावून गरम करा. पण सांधा गेलाय म्हणताय तर पूर्ण आरसाच घ्या, घडीची मोटर त्या सांध्यातच असते.

प्रतिसाद

आरटीओचं मी सांगतो, माझं काम ह्याच्याशी निगडित आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने जे मूळ स्पेसिफिकेशन दिलंय त्यात बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी कडक करून सांगितलंय. परवानगी नसलेल्या बदलाला मालकावर कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे. तुटलेल्या आरशाच्या जागी त्याच प्रकारचा आरसा लावणं हा बदल नाही, ती दुरुस्ती आहे, बिल जपून ठेवा. लूव्हरचं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. काचेच्या पारदर्शकतेचा नियम १०० आहे, मागची काच ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के, आणि २०१२ मध्ये कोर्टाने काळ्या फिल्म बंद केल्या त्या ह्याच नियमावर. लूव्हर म्हणजे फिल्म नव्हे, पण आतलं काही दिसत नसेल तर चौकातला हवालदार तुमच्याशी तेच बोलणार. त्यामुळे मागचा मोठा लावायच्या आधी पेठ रोडला लेखी विचारा. इन्शुरन्स कंपनीलाही फोटोसकट मेल करून कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी हेच बघतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. मोठा लूव्हर आरटीओचं उत्तर येईपर्यंत खोक्यातच राहील, छोट्यांबद्दलही त्याच अर्जात विचारतो. इन्शुरन्सला आजच मेल टाकतो.

आता एकच मदत हवी आहे. माझं पार्किंग उघडं आहे, गंगापूर रोडला, धरणाकडून वारा येतो आणि सकाळी गाडीवर दव पडलेलं असतं. छोटे लूव्हर लावायची वेळ आली की ७२ तास बंद आणि कोरड्या जागेत गाडी ठेवायची आहे. सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा कुठेही चालेल, कोणाचं शेड किंवा गोडाऊन असेल तर भाडं देईन. उंबरठा फार उंच नको, गाडी पुढून खूप खाली आहे.

प्रतिसाद

पाथर्डी फाट्याला आमचं गोडाऊन आहे, द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या आधी निम्मं रिकामंच असतं. दाराला रॅम्प आहे, पण चढ थोडा आहे, आधी येऊन बघून जा. भाडं वगैरे नको, फक्त एकदा बॉनेट उघडून दाखवा. व्यनि (खाजगी मेसेज) केलाय.